जावेच्या हातातलं कुलूप

ज्या हिवाळ्यात इंटरनेटवरची जुनी कुलपं लोण्यासारखी वितळली, नेमक्या त्याच हिवाळ्यात सावद्याच्या हर्षला नेहेतेने आपलं ऑनलाइन दुकान नव्याने मांडायचं ठरवलं. शहाणी माणसं तेव्हा ऑनलाइनमधून पळ काढत होती. जळगावच्या एका सराफाने तर म्हणे वेबसाइट बंद करून त्या खर्चात दोन कुत्रे पाळले. पण शहाण्या माणसांचं ऐकणं हर्षलाच्या स्वभावात नव्हतं. तिचं म्हणणं, सगळे पळाले की रस्ता मोकळा होतो.

कुलपं वितळली म्हणजे काय झालं, ते सांगायला हवं. जुन्या कुलपांचा सगळा भरवसा एका गणितावर होता. दोन प्रचंड आकडे गुणायचे, तर ते चुटकीसरशी होतं. पण नुसता गुणाकार हातात देऊन मूळचे आकडे विचारले, तर साध्या कॉम्प्युटरला सूर्य विझेपर्यंत बसावं लागायचं. मग क्वांटमची यंत्रं आली. त्यांनी एकेक आकडा तपासत बसायच्या ऐवजी आकड्यांमागची लयच पकडली आणि सूर्य विझण्याचं काम चहाला उकळी येईपर्यंत उरकून टाकलं. बँकांनी घाईघाईने नवी गणितं आणली, कुलपं बदलली. छोटे दुकानदार मात्र, उद्या बघू, म्हणत राहिले आणि चोरांना तेवढा 'उद्या' पुरला.

ब्राउझरच्या वरच्या पट्टीत जे चिमुकलं कुलूप दिसतं, त्याच्यामागे एक दाखला असतो. हे दुकान ज्याचं म्हणवतं त्याचंच आहे, अशी कुणा भरवशाच्या संस्थेने केलेली सही. सहीची चावीच फुटली, तेव्हा खोट्या दाखल्यांचं पेव फुटलं. 'हर्षलाचं वाळवण' या दुकानाची हुबेहूब जुळी बहीण एका रात्रीत उभी राहिली. तिच्यात हर्षलाचाच चेहरा, हर्षलाचाच आवाज, आणि बिबड्यांच्या नावाखाली पुठ्ठा. ज्वारीचा घाटा शिजवून, ओल्या फडक्यावर पातळ थापून, खाटेवर कडकडीत वाळवलेली बिबडी खाऊन लहानाची मोठी झालेली खानदेशी माणसं अबुधाबीतून फोन करून शिव्या घालू लागली.

"मी बोलले तिच्याशी," हर्षला नवऱ्याला म्हणाली. "स्वतःच गिऱ्हाईक होऊन. माझ्यासारखीच हसते मेली."

गिरीश वीज कंपनीत होता आणि घरात कमी दाबाने चालायचा. तो म्हणाला, "तुझ्यापेक्षा गोड बोलते पण. मी ओळखलं असतं."

नवं दुकान कुठे ठेवायचं आणि त्याला दाखला कुणाचा घ्यायचा, हे ठरवायला रोहिदास वारके आला. हा आधी विमा विकायचा, मग सोलर विकायचा, आता होस्टिंग विकत होता. पिशवी तीच होती. त्याने ओट्यावर बसून तीन पर्याय मांडले.

"एक, फुकटातलं. दुकान तुमचं, पण पानावर जाहिराती त्यांच्या. तुमच्या बिबड्यांच्या शेजारी दुसऱ्याच्या बिबड्या."

"पुढचं बोला."

"दुसरं, मोठ्या कंपनीचं. दुकान त्यांच्या कॉम्प्युटरवर, चावी त्यांच्या तिजोरीत, दाखला त्यांचा. तुम्ही फक्त चेहरा, आवाज आणि कृती त्यांच्या नावे लिहून द्यायची. म्हणजे उद्या कुणी नक्कल केली, तर कंपनी भांडेल."

"आणि कंपनीनेच नक्कल केली तर?"

वारकेने पाणी मागितलं. पाणी पिऊन तो तिसऱ्यावर आला. "हे नवं आहे, ताई. शेजार-होस्टिंग. दुकानाचे तुकडे तुमच्याच गल्लीतल्या यंत्रांवर राहणार. कुणाच्या इन्व्हर्टरवर, कुणाच्या फ्रिजवर, गिरणीच्या मीटरवर. एक बंद पडलं तर दुसरं चालवून घेतं. आणि चावी कुणा एकाकडे नाहीच. पाच माणसांत वाटलेली. त्यातले तीन एकत्र आले की चावी बनते, दोघांना काही करता येत नाही."

"असं कसं? चावीचे तुकडे केल्यावर तीन तुकड्यांत पूर्ण चावी कुठून येणार?"

वारकेने पिशवीतून एक लिंबू काढलं आणि अंगणात फेकलं. लिंबू कमान काढत तुळशीपाशी पडलं. "आता बघा. हवेत असताना ते कुठे कुठे होतं, त्यातल्या तीन जागा कळल्या की मला अख्खी कमान काढता येते. मग ते माझ्या हातातून नेमकं कुठून सुटलं तेही कळतं. सुटलं ती जागा म्हणजे तुमची चावी. पाच जणांना कमानीवरची एकेक जागा सांगून ठेवायची. तीन जण बोलले की कमान पक्की. दोनच बोलले, तर त्या दोन जागांतून जाणाऱ्या कमानी अगणित. खरी कुठली, ते क्वांटमच्या बापालाही कळत नाही."

हर्षलाला हे पटलं. पण वारकेने खरी गंमत शेवटी ठेवली होती. पाच जणांनी हातात एक कडं घालायचं, त्याला साक्षीकडं म्हणत. दाखला फक्त एका दिवसाचा. रोज सकाळी प्रत्येकाने कड्याशी तोंड नेऊन, हे दुकान खरं आहे अशी साक्ष द्यायची, आणि तीही आपल्या शब्दांत, रोज नव्या वाक्यात. ठरलेलं वाक्य असलं तर चोर आवाजाची नक्कल करून वाजवतील. कडं नाडी बघायचं, कातडीवरचा घाम बघायचं, गळ्यातली सूक्ष्म थरथर ऐकायचं. कुणी मानेवर सुरी ठेवून साक्ष वदवून घेत असेल, तर शब्द एक बोलतात आणि शरीर दुसरं. मग कडं लाल होऊन साक्ष नाकारायचं. मनापासून असेल तर हिरवं.

"म्हणजे तोंडदेखला होकार चालणार नाही," गिरीश म्हणाला.

"अजिबात नाही."

"मग सावद्यात अवघड आहे."

"माझ्या गल्लीत माझ्याशी वाकडं कोण आहे?" हर्षला म्हणाली आणि तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं.

पाच साक्षीदार तिने बसल्या बसल्या निवडले. गिरणीवाले हुसेन तडवी, दवाखान्यातले कंपाउंडर सरोदे, समोरच्या शकुंतलाकाकू, काकूंची सून, कारण काकू एकट्या काहीच करत नसत, आणि पाचवी मोठी जाऊ ज्योत्स्ना, जी भिंतीपलीकडे राहायची आणि भिंतीअलीकडचं सगळं ऐकायची.

दुकान झकास चाललं. हुसेनभाईंची गिरणी सुरू झाली की अबुधाबीतल्या गिऱ्हाइकाला बिबड्यांचे फोटो थरथरताना दिसतात, असं लोक सांगत. ते साफ खोटं आहे. फक्त कुरडयांचे थरथरायचे. रोज सकाळी गल्लीत पाच माणसं मनगटाशी बोलताना दिसायची. हुसेनभाई म्हणायचे, "वहिनीची ज्वारी माझ्याच गिरणीत दळली, अजून हाताला पीठ आहे." सरोदे म्हणायचे, "काल घशाला गोळी नेली, म्हणजे बाई आहे." कडी हिरवी व्हायची, दाखला निघायचा, आणि जुळ्या बहिणीच्या दुकानावर लाल फुली कायम राहायची. तिच्याकडे पुठ्ठा होता, चेहरा होता, आवाज होता. पण तिला शेजार नव्हता. लोक आता कुठलंही दुकान उघडलं की आधी कुलूप दाबून शेजारी काय म्हणतात ते वाचायचे.

एकच अट कडक होती. लागोपाठ तीन दिवस दाखला निघाला नाही, तर दुकानाचं नाव मोकळं व्हायचं आणि जो आधी मागेल त्याला मिळायचं. जुळी बहीण त्याच वाटेवर डोळे लावून बसली होती.

वाळवणाचा हंगाम तोंडावर आला तशी हर्षलाने मागच्या अंगणात वाळवणाची नवी शेड बांधली आणि वास्तुशांत काढली. कामाचा ढीग, त्यात ऑर्डरी. म्हणून तिने एक सोपी गोष्ट केली. दुकानाच्या यंत्रणेलाच सांगितलं, आमंत्रणं पाठव. यंत्रणेने ओळखीतल्या सगळ्या नंबरांवर पाठवली. त्यात गल्लीही आली.

आता त्या बाजूला चूलबंद आमंत्रण म्हणून एक चीज असते. घरातल्या लहानथोरांना, आल्यागेल्या पाहुण्यांसकट, जेवायचं बोलावणं; त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. त्यासाठी कुंकवाचा करंडा घेऊन स्वतः उंबऱ्यापर्यंत जायचं, अक्षत द्यायची, नको नको म्हणत अर्धा कप चहा घ्यायचा. भाऊबंदांत तर आधी मोठ्या जावेचं दार, मग बाकीची. आणि ज्योत्स्नाच्या फोनवर आलं ते असं: 'प्रिय ग्राहक, आमच्या नव्या शेडच्या उद्घाटनास अवश्य या. सोबत पुढील खरेदीवर दहा टक्के सूट.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कडी हिरवी झाली, तीन लाल. दाखला निघाला नाही.

हर्षला धावत काकूंकडे गेली. काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही कशाला रागावू? आमचं काय," आणि त्यांच्या मनगटावरचं कडं कुंकवासारखं लालभडक झालं. सून म्हणाली, "सासूबाई रागावल्या नाहीत, म्हणजे मीही नाही," तिचंही लाल. काकूंनी कडं पदराखाली झाकलं. पदरातूनही दिसत होतं.

चूक हर्षलाच्या ध्यानात आली. तिने करंडा घेतला आणि ज्योत्स्नाचं दार गाठलं. ज्योत्स्ना ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

"जाऊबाई, चुकलं माझं. यंत्राने पाठवलं ते. चूलबंद आमंत्रण द्यायला आली आहे."

"बैस ना. चुकलं काय त्यात? कामं असतात तुला."

"मग येणार ना?"

"येऊ की. न यायला काय झालं?"

"मग साक्ष द्या ना आता. दुकान बंद आहे सकाळपासून."

ज्योत्स्नाने कडं तोंडाशी नेलं आणि शाळेतली कविता म्हणावी तसं म्हणाली, "माझ्या जावेचं दुकान खरं आहे आणि माझ्या मनात काही नाही."

कडं लाल. ज्योत्स्नाने त्याला एक टिचकी मारली, पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा लाल.

"बिघडलंय हे," ती म्हणाली, आणि घाटे सोलत राहिली.

बंगळुरूच्या ज्या इंजिनियरांनी हे कडं घडवलं, त्यांनी सुरीची भीती मोजली होती, बंदुकीची मोजली होती, दारूची झिंगही मोजली होती. रुसवा मोजायचा राहून गेला होता. पोटात एक आणि ओठांत एक, एवढंच कड्याला कळायचं. मानेवर सुरी आहे की मनात मानपान, हे त्याला वेगळं करता येत नसे. भुसावळपासून रावेरपर्यंत कितीतरी दुकानं त्या वर्षी चोरांमुळे नाही तर बारशांमुळे बंद पडली, असं वारके सांगायचा. त्यातली निम्मी त्याने मनाने रचली असतील, तरी उरतात त्या थोड्या नव्हेत.

दुसरा दिवसही लाल गेला. अबुधाबी, पुणे, सुरत, सगळीकडून विचारणा: ताई, कुलूप का नाही? तिसऱ्या दिवशी सकाळी लालच, आणि वारके पिशवी घेऊन हजर.

"कंपनीवाले तासाभरात उचलून घेतात, ताई. सही करा. नाव वाचेल."

"आणि चेहरा, आवाज, कृती?"

"ती जाईल. पण सूर्य मावळला की सगळंच जाईल."

गिरीश म्हणाला, "कर सही. जावेच्या मागे लागून कुणाचं भलं झालंय?"

हर्षला उठली. "सही करते. पण आधी कडी परत घेऊन येते. फुकट कशाला कुणाच्या हातात ठेवू?"

ती गेली ती थेट ज्योत्स्नाच्या ओट्यासमोर उभी राहिली. या खेपेला करंडा नव्हता.

"कडं काढून द्या, जाऊबाई."

ज्योत्स्नाचे हात थांबले. "का?"

"कंपनीकडे चालले. ते लोक साक्ष देणार माझी आता."

"कुठले लोक?"

"असतील कुठलेही. यंत्र बघेल, कॅमेरा बघेल. त्यांना मानपान नसतो."

"म्हणजे मला काढून राहिली तू?"

"तुम्ही देत नाही तर काय करू?"

"मी देत नाही?" ज्योत्स्ना उठली तशी मांडीवरचे घाटे ओटाभर झाले. "दोन दिवस मी घसा फोडून सांगून राहिली आणि हे मेलं लाल होऊन राहिलं. प्रिय ग्राहक! इतकी वर्षं या घरात काढली, तुझ्याकडून एक पापड कधी विकत घेतला का मी?"

"यंत्राने पाठवलं म्हटलं ना."

"यंत्राला जाऊ नसते. तुला आहे. आणि वर सूट दहा टक्के. वरणगावला माझ्या भावाला वीस टक्के आली!"

"तो जास्त घेतो."

"ऐका," ज्योत्स्ना समोरच्या खिडकीकडे वळून म्हणाली, कारण तिथे शकुंतलाकाकू आणि सून मघापासून उभ्या होत्या. "हे ऐका. आणि ही आता कंपनीकडून लिहून घेणार की ही कोण आहे. त्या कंपनीला काय ठाऊक? मला विचार म्हणा. ही हर्षला नेहेते आहे. सावद्यात हिच्याइतकी हेकट बाई दुसरी नाही. लग्न होऊन आली तेव्हा हिला ज्वारी कुठली आणि बाजरी कुठली ते कळत नव्हतं, मी शिकवलं. तीळ टाकताना हिचा हात आखडतो. शब्दाला शब्द देते, वडीलधाऱ्यांचं ऐकत नाही. पहाटे उठून घाटा एकटी हाटते, हाताला फोड आले तरी दुसऱ्याला चाटू धरू देत नाही, मला पण नाही. ही खोटी कशी असेल? खोटी असती तर एव्हाना सुधारली असती!"

आणि तिच्या मनगटावर हिरवा उजेड पडला.

ज्योत्स्नाने हात वर करून कड्याकडे पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं. कडं हिरवंगार होतं; वारके नंतर शपथेवर सांगायचा की, इतकं हिरवं कडं कंपनीच्या प्रयोगशाळेतसुद्धा कधी झालं नव्हतं आणि त्या उजेडात ओट्यावरचे घाटे पुन्हा कोवळे दिसायला लागले. पाठोपाठ समोरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, "आणि पाच वर्षांपूर्वी माझी परात नेली ती अजून दिली नाही." तेही हिरवं. सून म्हणाली, "नाहीच दिली." तेही.

तीन नव्हे, पाच जणांची कमान जुळली. दाखला निघाला. सूर्य अजून बराच वर होता आणि जुळी बहीण, ती जिथे कुठे होती तिथे, हात चोळत बसली असेल.

वारकेने सहीचे कागद पिशवीत घातले. पण त्याचा धंद्याचा किडा जागा झाला होता. "ताई, नाव वाचलं. आता एक काम करा. या तिघींना बदला. हो म्हणायला सांगितलं की हो म्हणतील अशी साधी माणसं मी आणून देतो. रोजची कटकट नको."

"मला काय करायची ती माणसं?" हर्षला म्हणाली. "ज्यांना माझा राग येत नाही, त्यांना मी कोण ते काय ठाऊक?"

तेवढ्यात फोन वाजायला लागला आणि संध्याकाळपर्यंत वाजत राहिला. गिऱ्हाइकांनी सवयीने कुलूप दाबलं होतं आणि त्यामागे सगळं ज्योत्स्नापुराण अक्षरन्‌ अक्षर उमटलं होतं. दुबईतली एक बाई म्हणाली, "वाचून माझी जाऊ आठवली. पाच पाकिटं पाठवा, आणि तीळ जरा जास्त टाका." सुरतेच्या एका म्हाताऱ्याने नुसतं विचारलं, "परात दिली का?"

परात त्याच दिवशी दिली गेली. करंडा घेऊन हर्षला पुन्हा दारोदार फिरली, या वेळी आधी मोठ्या जावेकडे. वास्तुशांतीला ज्योत्स्नाने चूलबंदचा अर्थ शब्दशः घेतला आणि वरणगावचं माहेर तीन पिढ्यांसकट आणलं. पुरणपोळ्या कमी पडल्या, तेव्हा पदर खोचून लाटायला बसली तीच. सगळं गोडीगुलाबीने पार पडलं.

आणि नेमकी तिथेच पंचाईत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना न्हाऊनमाखून, चांगलं पातळ नेसून आपण होऊन हर्षलाच्या शेडमध्ये आली. त्या दिवशी आपण जरा जास्तच बोललो, असं तिला वाटत होतं. खाटांवर बिबड्यांची पहिली फडकी अंथरलेली होती. तिने कडं तोंडाशी नेलं.

"माझी जाऊ हर्षला फार गुणी आहे. शांत आहे. वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जात नाही."

कडं लाल.

"आता काय झालं याला?" ज्योत्स्ना म्हणाली. "मनापासून सांगून राहिली मी."

"जाऊबाई, खरं काय ते बोला."

"खरंच तर आहे. तू सुगरण आहेस. तुझ्या हाताला चव—"

लाल.

ज्योत्स्नाने ओठ घट्ट मिटले. तिची नजर शेडमधून फिरली, खाटांवरून गेली, आणि एका फडक्यावर थांबली. तिने वाकून एक बिबडी बोटांनी उचलली, उजेडात धरली, तिच्यातले तीळ मोजायला लागली आणि मध्येच मोजणं सोडून दिलं.

"त्या दिवशी गल्लीसमोर सांगितलं, दुबईवाली सांगते, तरी तीळ तेवढेच," ती म्हणाली. "अगं, काय तुझ्या बापाच्या शेतातले लागतात का?"

कडं हिरवं झालं. गल्लीत गिरणी सुरू झाली आणि दुकान उघडलं.

हर्षला चाटू पुसत म्हणाली, "उद्यासाठी पण काहीतरी काढून ठेवा, जाऊबाई."

"तू नको काळजी करू," ज्योत्स्ना म्हणाली आणि पदर खोचून तिच्या हातातून चाटू काढून घेतला. "तुझं दुकान पुढची चाळीस वर्षं चालेल."